एकाच ठशाची दोन

बाराशे वर्षांपूर्वीच्या चांदीच्या दिरहमांचं मला एक आवडतं. कुठल्या टांकसाळीत, कोणत्या साली नाणं पाडलं, हे त्यांच्या काठालगत अरबीत गोल लिहिलेलंच असतं. नेमकं तेवढंच झिजलं असेल तर मला बोलावतात. संग्रहालयाच्या नाणेखोलीत सत्तावीस वर्षं मी दुसऱ्यांची गावं शोधतो आहे.

नव्या साहेबांनी फर्मान काढलं: मूळ गाव सिद्ध न झालेलं काहीही शुक्रवारनंतर नाणेखोलीत राहणार नाही, तळघरात जाईल. आमचा कारकून म्हणजे काटेकोरपणाचा अर्क. त्याने 'काहीही'मध्ये खरंच सगळं धरलं. पंख्याचं गाव सापडलं, स्टुलाचंही सापडलं. माझ्या जन्मदाखल्यावर मात्र गावाच्या जागी घडी पडून भोक.

"अहो, मी माणूस आहे!"

"यादीत आहात. अनुक्रमांक एकेचाळीस, भिंगानंतर."

तळघरात खिडकी नाही. नाणी वर आणि मी खाली!

"झिजलेल्या नाण्याचं तुम्ही काय करता?" कारकुनाने विचारलं.

"त्याच ठशाचं दुसरं शोधतो. ठशाला तडा असेल तर दोन्हींवर त्याच जागी रेघ उमटते. एकाचं गाव वाचता आलं की दुसऱ्याचं कळतं."

"मग आणा दुसरं."

दुसरं म्हणजे माझा थोरला भाऊ. आईच्या शिलाई मशीनवरून अकरा वर्षं अबोला. मशीन मी नेलं, रागाने बॉबिनची डबी त्याने नेली. शेवटी नाक मुठीत धरून फोन केला.

दादा आला, इस्त्रीचा शर्ट घालून, हातात पिशवी घेऊन. कारकुनाने आम्हाला हिरव्या कापडाच्या टेबलाशी बसवून भिंग लावलं. दोघांच्याही डाव्या कानाला तीच खाच. मग वजनं केली.

"हे जड आहेत," तो दादाकडे बघत म्हणाला. "वापरात कमी आलेले दिसतात."

दादाने दाखला उघडला. गावाच्या जागी भोक! आईने दोन्ही दाखले एकात एक घडी घालून ठेवले होते. वडिलांची नोकरी बदल्यांची. दादा म्हणे विहिरीचं गाव, मी म्हणे पुलाचं. तिथेही जुंपली.

"तोंडी पुरावा चालत नाही," म्हणत कारकुनाने कार्ड लिहिलं: मूळ गाव अज्ञात. मग दादाला म्हणाला, "तुम्ही यादीत नाही. घरी जा."

दादा भिंतीवरची पाटी वाचत होता. माझ्याच अक्षरातली, जुनी: एकाच ठशाची नाणी वेगळी ठेवू नयेत.

"अक्षर अजून तसंच गचाळ आहे रे बारक्या," तो म्हणाला, आणि पिशवी उचलून माझ्याआधी जिना उतरू लागला. मला रडू आलं, लपवलं नाही.

खाली त्याने पिशवीतून डबी काढली.

"मशीन कुठाय?"