कोरडी वाळू

मित्रांनो, आधीच सांगते, नाक मुरडू नका. मी एक जुने लोखंडी घमेले आहे आणि सध्या एका बोक्याची शी-शू सांभाळण्याचे काम करते. काम कुठलेही असो, ते मनापासून करावे असे मला वाटते. पण या कामात मी जेवढी काळजी वाहिली, तेवढे ओझे आयुष्यात कधी वाहिले नव्हते.

माझा जन्म कारखान्यात झाला. सपाट पत्र्यावर यंत्र धाडकन आदळले आणि मी खोलगट झाले. एका गवंड्याने दुकानात मला उलटेसुलटे करून, बोटाने वाजवून पाहिले आणि पसंत केले. त्याच्या हाताखाली मी वाळू वाहिली, सिमेंट वाहिले, विटांचे तुकडे वाहिले. "याच्या तोडीचं घमेलं नाही," असे तो चारचौघांत म्हणायचा आणि मी आतल्या आत फुगायचे.

मग गवंड्याच्या गुडघ्यांनी दगा दिला. त्याचे काम सुटले आणि मी घरामागे पालथे पडले. माझी कड चेपली, अंगावर गंज चढला, कुणी ढुंकूनही पाहिले नाही. गवंड्याचीही तीच गत. तो खिडकीशी बसून राहायचा आणि कुणाशी धड बोलायचा नाही. त्याची लेक घरीच शिवणकाम करते. तिने एक भटके पिल्लू उचलून आणले तेव्हा तो तिच्यावर खेकसला. पण पिल्लू त्याच्या मांडीवर चढले ते चढलेच.

मोठा झाल्यावर तो बोका सगळ्यांची कामे नुसती बघत बसू लागला, म्हणून गवंड्याने त्याचे नाव ठेवले मुकादम. "जन्मभर मुकादमांच्या शिव्या खाल्ल्या, आता घरातही एक बसवून घेतला," असे म्हणून तो खो खो हसायचा. त्या घरात हसणे परत आले ते बोक्याच्या पावलांनी. मलाही घासूनपुसून, वाळू भरून मोरीशेजारी मांडले ते त्याच्यासाठीच. पुन्हा वाळू! मला माहेरी आल्यासारखे वाटले.

मुकादमाची तब्येत हा आत्याचा प्रांत. आत्या म्हणजे गवंड्याची थोरली बहीण. तिला घरगुती उपायांची भारी हौस आणि हाताला गुणही तसाच. मुकादमाला पिसवा झाल्या तेव्हा तिने बारीक दातांच्या फणीने त्याला रोज विंचरले, त्याची पांघरुणे कढत पाण्यात धुतली आणि पिसवांचा नायनाट केला. गिळलेल्या केसांचे गोळे तो ओकू लागला, तेव्हा कुंडीत गव्हाचे गवत उगवून दिले. पोट घट्ट झाले तेव्हा उकडलेला भोपळा चमचाभर जेवणात कालवला, आणि त्याचा गुण आला हे सर्वांत आधी मला कळले! कांदा-लसूण मात्र ती त्याच्या आसपास फिरकू देत नसे. ते मांजराला विषासारखे असते, हे तिने जनावरांच्या डॉक्टरांनाच विचारून घेतले होते. त्यामुळे घरात आत्याचा शब्द चालायचा. मलाही तीच साफ करायची, कारण गवंड्याला वाकवत नसे.

त्या दिवशी सकाळपासून मुकादम पुन्हा पुन्हा माझ्यात येऊन बसत होता. अंग आक्रसायचा, कुंथायचा, उठून वाळू उकरायचा, परत बसायचा. एकदा असा ओरडला की लेकीचे मशीनच थांबले.

"आत्या, याला डॉक्टरकडे नेऊ या का गं?"

"अगं, पोट साफ होत नाहीये त्याचं. मागे झालं होतं तस्संच. भोपळा लावते शिजायला."

"पण ओरडला केवढा!"

"तुझं पोट अडलं असतं तर तू गाणं म्हटलं असतंस का?"

लेकीला हसू आले. शिवलेले कपडे पिशवीत भरून ती गिऱ्हाइकाकडे गेली. आत्याने वाकून माझ्यात पाहिले आणि म्हणाली, "आज घमेलं कसं लख्ख आहे! शहाणं गं माझं बाळ."

मित्रांनो, कौतुक मी पुष्कळ ऐकले, पण इतके टोचलेले कौतुक दुसरे नाही. आदल्या संध्याकाळी आत्याने माझ्यात ताजी वाळू भरली होती आणि तेव्हापासून एक थेंबही पडला नव्हता. मुकादमाचे पोट अडले नव्हते, लघवी अडली होती. मला ओरडून सांगायचे होते. पण आपटल्याशिवाय घमेले वाजत नाही, आणि मला आपटणार कोण?

दुपारी त्याने भोपळ्याला तोंडही लावले नाही. ओकला आणि माझ्याच शेजारी फरशीवर पसरून मागच्या पायांमध्ये चाटत राहिला. गवंडी भिंतीला धरत धरत आला आणि कण्हत त्याच्याजवळ बसला.

"काय मुकादम, आज कामावर खाडा का?"

त्याने पोटावर हात ठेवताच मुकादम गुरगुरला. गवंड्यावर तो कधीच गुरगुरत नसे. गवंड्याने घाईने हात मागे घेतला आणि तो हात आपसूक माझ्यातल्या वाळूत गेला. त्याने मूठ दाबली. सिमेंट-वाळूचा माल कालवण्याआधी वाळूत ओल किती आहे, हे तो जन्मभर असेच बघत आला होता. ओली वाळू मुठीत गोळा होऊन बसते. ही त्याच्या बोटांतून भुरभुर गळून गेली. त्याने दुसऱ्या कोपऱ्यात हात घातला, मग तळापर्यंत.

"ताई, वाळू कधी बदललीस?"

"काल संध्याकाळी. का रे?"

"नंतर ओली काढलीस का कुठे?"

"नाही. स्वच्छच तर आहे."

"स्वच्छ नाही गं, कोरडी ठणठणीत आहे! सकाळपासून हा इतक्यांदा बसला, मग शू गेली कुठे? पोट नाही, लघवी अडकलीय याची. पोरीला फोन कर. गाडी घेऊनच ये म्हणावं."

आत्याने लगेच फोन लावला. तिने मुकादमाला टॉवेलात गुंडाळले, लेक धावत आली आणि तिघेही त्याला घेऊन गेले. दार नीट लावायचेही कुणाला सुचले नाही.

संध्याकाळी ते रिकाम्या हातांनी परतले. मला वाटले, संपले सगळे. पण लेक सांगत होती की डॉक्टरांनी नळी घालून वाट मोकळी केली आहे आणि मुकादमाला ठेवून घेतले आहे. बोक्याची लघवी तुंबली की विष अंगात भिनते, आणखी उशीर झाला असता तर हाती काही लागले नसते, असे ते म्हणाले होते. आत्या माझ्याजवळ येऊन बसली आणि माझ्यातली न वापरलेली वाळू उगाचच चाळत राहिली.

"माझ्यामुळे गेला असता रे तो."

"ताई, तुझा भोपळा वाईट नाही," गवंडी म्हणाला. "दुखणं कुठलं, हेच आपण बघितलं नाही."

मुकादम घरी आला तो हाडांचा सापळा होऊन. तिघेही माझ्याभोवती श्वास रोखून बसले. "असं टक लावून बसल्यावर कुणाला होईल?" असे म्हणत लेकीने दोघांना भिंतीकडे तोंड करायला लावले. थोड्या वेळाने मी भिजले. आत्या हसत होती आणि डोळेही पुसत होती. शू झाल्याचा एवढा आनंद मी कुठल्याच घरात पाहिला नाही.

पण हे दुखणे उलटते, असे डॉक्टरांनी बजावले होते. तेव्हापासून घरात जागोजागी पाण्याच्या वाट्या आल्या. डॉक्टरांनी ठरवून दिलेले खाणे आत्या पाण्यात सैलसर कालवून देते. फणी आहे, गवत आहे, गवंडी त्याला दोरीशी खेळवतोही. तरी तो माझ्यात जरा जास्त वेळ बसला की सगळे हातातले काम टाकून बघायला येतात.

आज सकाळी तो लागोपाठ दोनदा आला आणि कोरडाच उठला. तिसऱ्यांदा आला तेव्हा आत्या स्वयंपाकघरातून धावली. तिने भोपळ्याचे नाव काढले नाही. वाळूत हात घातला, हात तसाच धरून लेकीला हाक मारली, "गाडी बोलाव. आत्ताच्या आत्ता."

ते गेले आणि मी एकटे उरले. मित्रांनो, एवढेच सांगते. घरच्या उपायांनी आपल्या मांजराला जरूर जपा, पण ते कसे बसते, किती पिते, त्याची वाळू ओली होते की नाही, हे रोज बघा. ओळख न पटलेल्या दुखण्यावर अंदाजाने औषध करू नका. मांजराला सांगता येत नाही आणि घमेल्यालाही नाही.

माझा जीव थाऱ्यावर नाही. पण या वेळी अजून दुपारसुद्धा झालेली नाही.