दुसरी चावी

“आज हा रकाना भरला नाहीस, तर मी तुझ्या दारात ठिय्या देईन,” असं म्हणून ताईंनी वही भिंगरीपुढे सरकवली.

‘दुसरी चावी कुणाकडे?’ एवढाच प्रश्न होता, पण महिनाभर ते घोंगडं भिजत पडलं होतं. अठरा वर्षं पूर्ण झाली म्हणून बालगृहातून बाहेर पडलेल्या मुलींसाठी हे घर होतं. दोन वर्षं राहायचं, काम करायचं, आपलं आपण शिजवायचं आणि एकटीनं जगायची सवय झाली की निघायचं. प्रत्येकीला एक खोली आणि त्या खोलीच्या दोन चाव्या. एक आपल्याजवळ, दुसरी बाहेरच्या कुणा आपल्या माणसाकडे. पूर्वी एक मुलगी तापानं फणफणून दोन दिवस आत पडून होती आणि कुणाला पत्ता नव्हता. तेव्हापासून घराची व्यवस्था बघणाऱ्या ताईंनी हा नियम केला होता.

“तुमच्याकडेच ठेवा ना, ताई.”

“माझी उद्या बदली झाली म्हणजे? मी पगारी बाई. तू तुझं म्हणून एक माणूस शोध.”

जसं काही ते दुकानात मिळतं! बालगृहात ती पायाला चाकं लावल्यासारखी फिरायची, म्हणून तिला सगळ्या भिंगरी म्हणायच्या. इथं मात्र ती पलंगाच्या कडेवर नुसती बसून असायची. दिवा कधी मालवायचा ते कुणी सांगत नव्हतं. जेवणाची घंटा वाजत नव्हती, त्यामुळे आपल्याला भूक लागली की नाही तेच कळेना. पहिल्या दिवशी तिनं अंदाजानं भात टाकला, तो सहाजणींना पुरून उरला. आणि दार ती सताड उघडं टाकायची. बालगृहात दारं बाहेरून लावली जायची, आणि तीही मोठ्या बाईंनीच लावायची. आपलं दार आपण ओढून घ्यायचं, हे तिच्या अंगवळणीच नव्हतं. त्यावरून कालच ताईंची बोलणी खाऊन झाली होती.

ती शर्टांना बटणं लावायच्या कामाला जायची तिथल्या मुकादमबाईंना तिनं चावीचं विचारून पाहिलं होतं. “नसती भानगड नको बाई,” म्हणून त्यांनी अंग काढून घेतलं. राहता राहिल्या काकू. नवव्या वर्षापासून बाराव्या वर्षापर्यंत भिंगरीला त्यांनी बालगृहातून नेऊन स्वतःच्या घरी सांभाळलं होतं. मग एके दिवशी त्यांनीच तिला पिशवीसकट बालगृहाच्या फाटकात आणून सोडलं. “दर रविवारी येते हं,” म्हणाल्या. पुढचे कितीतरी रविवार ती तिथल्या पायरीवर बसून राहिली. परत का पाठवलं, हे सहा वर्षांत तिला कुणी सांगितलं नाही. तिनं आपलं आपणच ठरवून टाकलं होतं, की ते त्या निळ्या बरणीमुळे. बरणी तिच्या हातून फुटली होती.

तिनं वहीत काकूंचा फोन नंबर लिहिला. तिला पाठ असलेला तो एकच नंबर होता. मग धावत वर जाऊन डब्यातली कोरी चावी घेतली, खाली ताईंना ऐकू जाईल असं दार धाडकन ओढलं आणि निघाली.

काकूंनी दार उघडलं. केस पार पांढरे झाले होते आणि एक पाय ओढत चालत होत्या.

“अगं बाई! तू? काही हवंय का तुला?”

“नाही. द्यायचंय.”

तिनं चावी पुढे केली. पूर्वी ती काकूंना अगं-तुगं करायची. आता तू म्हणावं की तुम्ही, हेच ठरेना, म्हणून दोन्ही टाळून बोलत होती. “माझ्या खोलीची आहे. कुणाकडे तरी ठेवावी लागते. ताप-बिप आला तर.”

“मी कशी घेऊ गं? तुला परत नेऊन सोडणारी मी.”

“बरणीमुळे ना?”

“कसली बरणी?”

“निळी. मी फोडली ती.”

काकू आठवून दमल्या. “अगं, तुझ्या काकांचं अर्धं अंग गेलं. त्यांना उठवा, पुसा, भरवा. मी एकटी. तुझ्याकडे बघणं होईना. बरणी कुठून काढलीस तू?”

“आणि रविवार?”

“पहिल्या रविवारी आले होते फाटकापर्यंत. तू पायरीवर बसलेली दिसलीस आणि माझा पायच उचलेना. तशीच मागे फिरले. मग लाज वाटायला लागली. जितके दिवस जातील तितकी जास्तच.”

आता आपल्याला राग यायला हवा, असं भिंगरीला वाटलं. नाहीतर रडू तरी. यातलं काहीच येईना. सहा वर्षं ती ज्या बरणीचं ओझं वाहत होती, ती बरणी इथं कुणाच्या लक्षातही नव्हती. तिनं चावी टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवली आणि हो-नाही ऐकायला न थांबता बाहेर पडली.

घरी आल्यावर तिनं दार ढकललं तर ते हलेना. ओढलं की आपोआप कुलूप लागणारं दार ते, आणि तिची चावी आत खिळ्याला टांगलेली होती.

“धन्य आहेस!” ताईंनी कपाळावर हात मारला. “उघडं टाकायचीस तेव्हा उघडं, आणि ओढलंस ते चावी आत ठेवून! थांब, ही वही काय शोभेला ठेवलीय?” त्यांनी फोन लावला, पत्ता सांगितला आणि ठेवला. “येते म्हणाल्या.”

“येते म्हणायला काय जातं,” भिंगरी म्हणाली. पण ती खाली जाऊन पायरीवर बसली. इथं बसण्यात अर्थ नाही, हे तिला कळत होतं. उठून जायचं तर कुठं, ते कळत नव्हतं. पहिली बस आली. तिच्यातून दोन पोरी आणि एक पोतं उतरलं. दुसरी बस न थांबताच गेली. उन्हं कलली होती.

“कुलूपवाल्याला बोलावू का गं?” ताईंनी वरून विचारलं.

“एवढी एक बस बघते.”

तिसऱ्या बसमधून आधी एक पाय उतरला, मग ओढत दुसरा. काकूंची उजवी मूठ घट्ट मिटलेली होती. भिंगरी उठली, पण पुढे काय करायचं ते न सुचून तशीच उभी राहिली. काकू तिच्याबरोबर कठडा धरून एकेक पायरी चढत वर गेल्या. चावी आधी उलटी घातली, मग सुलटी. दार उघडलं आणि त्या दोन पावलं मागे सरकल्या.

“आत येऊ का?”

हे कुणाला विचारलं म्हणून भिंगरीनं मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. हा प्रश्न आजवर तिनंच दारोदार विचारला होता. त्याचं उत्तर द्यायची पाळी तिच्यावर कधी आलीच नव्हती, त्यामुळे काय म्हणतात ते पटकन तोंडात येईना. ती आत गेली. खोलीत एकच खुर्ची होती. तिच्यावरचे कपडे उचलून तिनं पलंगावर टाकले, हातानं खुर्ची पुसली आणि दाराकडे तोंड करून ठेवली.