शेजारच्या खुर्चीतला माणूस

भिंगरी नऊ वर्षं एकटीने विमान उडवत होती, आणि एकटीने म्हणजे अगदी शब्दशः एकटीने. त्याआधी दोन सीटच्या शिकाऊ विमानात तिने पोरांना उडायला शिकवलं, पण तिथेही शेजारच्याच्या हातून भलतंसलतं काही होऊ न देणं हेच मुख्य काम होतं. मग एका इंजिनाचं पार्सलचं विमान हाती आलं. तेल तपासायचं, खोकी चढवायची, उडायचं, रेडिओवर बोलायचं, उतरायचं आणि खोकी उतरवायची, सगळं स्वतः. कुणी मदतीला आलंच तर "राहू द्या, मी करते," हे ठरलेलं. ते वाक्य जिभेवर इतकं बसलं होतं की दात काढायला पुढे झालेल्या डेंटिस्टलाही तिने एकदा ते ऐकवलं होतं.

आणि आता, एकेचाळिसाव्या वर्षी, तिला जेटवर नोकरी लागत होती. लागत होती म्हणजे अजून लागली नव्हती. टाइल्सच्या कारखान्याच्या मालकीणबाईंचं आठ सीटचं देखणं जेट; त्याचं प्रशिक्षण घेण्यासाठी भिंगरीने पार्सलच्या नोकरीवर पाणी सोडलं होतं. उरल्या होत्या फक्त तीन चाचणी फेऱ्या. त्या घेणार होते तिथले कॅप्टन, वय साठीला टेकलेलं, नाकावर माशी न बसू देणारे. विमानांच्या हँगरमधले लोक त्यांना 'खवट' म्हणत, अर्थात ते दुसऱ्या टोकाला असताना. तीन फेऱ्यांनंतर त्यांनी सही केली तर नोकरी, नाहीतर घर. आणि या वयात दुसरं कुणी तिला जेटच्या आसपासही फिरकू देणार नव्हतं.

जेटमध्ये कामं वाटलेली असतात. उडवणारा फक्त उडवतो आणि सांगतो. चाकं, पंखांचे फ्लॅप, रेडिओ हे शेजारचा सांभाळतो. उडवणाऱ्याने "गिअर अप" म्हणायचं, शेजारच्याने तेच परत म्हणून दांडा वर करायचा, की चाकं पोटात. भिंगरीला हे सारं तोंडपाठ होतं. पण पहिल्या फेरीत जमीन सुटली आणि तिचा हात तिला न विचारताच दांड्यावर गेला. चाकं तिने घेतली, फ्लॅप तिने घेतले, आणि विमानतळाच्या कंट्रोलने रेडिओवर हाक मारली तेव्हा उत्तरही तिनेच दिलं.

"मॅडम, मी काय इथे ढग बघायला बसलोय?" कॅप्टन म्हणाले.

"सॉरी सर. सवयीने झालं."

"सवय घरी ठेवून या. परवा परत बघू."

सवय घरी ठेवायची तर आधी ती घरी न्यायला हवी. भिंगरीने सगळी फजिती वडिलांना सांगितली. ते निवृत्त बसड्रायव्हर. पोटभर हसून घेतल्यावर त्यांनी चष्मा पुसला.

"एकतीस वर्षं बस चालवली मी. आरशात सगळं दिसायचं. शेवटचा माणूस चढला, दार लागलं. तरी कंडक्टरची घंटा झाल्याशिवाय गाडी हलवली नाही."

"पण बाबा, तुम्हाला दिसतच होतं ना सगळं?"

"मला दिसायचं ते मला दिसायचं. त्याला दिसायचं ते मला कुठे दिसत होतं?"

भिंगरीने जेवणाच्या टेबलाच्या दोन खुर्च्या शेजारी शेजारी मांडल्या. मध्ये साखरेच्या डब्यात आईची मोठी पळी उभी केली. तो दांडा. बाबा शेजारच्या वैमानिकाच्या जागी बसले, तेही शर्टाची वरची गुंडी लावून. तिने सांगायचं, बाबांनी परत म्हणायचं आणि पळी हलवायची. तिचा हात पळीकडे गेला की बाबा गुंडाळलेलं वर्तमानपत्र हाणायचे, आणि हे काम त्यांना मनापासून आवडलं होतं. दोन संध्याकाळी हा खेळ चालला.

"तुमचं विमान उतरलं असेल तर माझी पळी द्या," आई म्हणाली. "इथे कढईत खाली लागतंय सगळं."

दुसरी फेरी सुरळीत झाली. भिंगरीचा हात जागच्या जागी राहिला. उतरल्यावर कॅप्टन एवढंच म्हणाले, "बरं." हे 'बरं' ऐकायला आपल्याला सहा वर्षं लागली होती, असं हँगरच्या मेकॅनिकने तिला सांगितलं. तिचा जीव अर्धा भांड्यात पडला.

तिसऱ्या फेरीला मालकीणबाई स्वतः मागे बसल्या होत्या. उतरायची वेळ झाली आणि कंट्रोलने ऐनवेळी धावपट्टी बदलली. वर रेडिओत खरखर. कॅप्टन एकीकडे ऐकत होते, एकीकडे नव्या धावपट्टीचे आकडे यंत्रात घालत होते.

"गिअर डाउन," भिंगरी म्हणाली.

"गिअर डाउन," कॅप्टन म्हणाले आणि कंट्रोलला उत्तर द्यायला लागले.

दांडा होता तिथेच राहिला. चाकं उतरली की तीन हिरवे दिवे लागतात. त्यातला एकही लागला नव्हता. अजून उंची होती, वेळही होता. भिंगरीचा हात शिवशिवायला लागला. एकदा दांडा खाली ढकलला की काम झालं. कुणाला कळणार नाही, कॅप्टनची लाज राहील, आणि सहीही पक्की. बोलायचं म्हणजे ज्याच्या हातात नोकरी त्याचीच चूक शेवटच्या फेरीत त्याच्या तोंडावर काढायची, आणि तीही खवटांची.

हात दांड्याजवळ पोचलाही होता. तिने तो मागे घेतला.

"सर, गिअर खाली गेलेला नाही."

कॅप्टननी दांड्याकडे पाहिलं. त्यांचे कान लाल झाले. "गिअर डाउन," ते परत म्हणाले आणि दांडा खाली ढकलला. चाकं धडधडत बाहेर आली. "तीन हिरवे."

त्यानंतर ते कामापुरतंच बोलले. विमान छान उतरलं, मालकीणबाई फोनवर बोलत निघून गेल्या, आणि भिंगरी मनातल्या मनात पार्सलवाल्यांचा नंबर आठवत कॅप्टनच्या मागोमाग ऑफिसात गेली.

कॅप्टननी तिच्या चाचणीचा फॉर्म पुढे ओढला, पण पेन उघडलं नाही.

"तुमचा हात दांड्यापाशी आला होता. मागे जाताना दिसला मला."

"हो सर."

"मग ढकलला का नाहीत? मी रेडिओवर होतो, मला पत्ताही लागला नसता."

"म्हणूनच नाही ढकलला," भिंगरी म्हणाली.

"गेल्या तीन वर्षांत त्या खुर्चीत चार जण बसून गेले," कॅप्टन म्हणाले. "हुशार होते सगळे. एकानेही कधी माझी चूक काढली नाही. मला वाटायचं, माझ्या हातून चुका होतच नाहीत."

भिंगरीला त्यांची इतके दिवस भीतीच वाटत आली होती. आता पहिल्यांदा त्यांच्याबद्दल वाईट वाटलं, आणि मूग गिळून बसलेल्या त्या चौघांचा थोडा रागही आला.

कॅप्टननी तिच्या फॉर्मवर झोकदार सही केली. मग खणातून तसाच एक कोरा फॉर्म काढला आणि त्यावर वैमानिकाच्या जागी स्वतःचं नाव लिहिलं. खाली, काय राहून गेलं ते. आणि त्याच्याखाली, कुणी सांगितलं ते.

"हा कुणासाठी, सर?"

"मालकीणबाईंसाठी. माझीही चाचणी घ्या म्हणून कळवतोय." त्यांनी पेन बंद केलं. "आणि हे सर सर पुरे झालं. आज तुम्ही आधी सर म्हणालात आणि मग गिअर. तेवढा उशीर झाला."

"मग काय म्हणू?"

"आधी गिअर म्हणा. वेळ उरला तर मग मला काय म्हणायचं ते म्हणा."