बिननावाचा थ्रेड

पिंपळगावच्या शीतगृहात तीन नंबरच्या खोलीची थंडी अधूनमधून आपोआप बंद पडायची. आत निर्यातीची द्राक्षं होती. हे संघर्षचंच काम आहे, असं रविराज सरांचं ठाम मत होतं.

संघर्ष महिन्यापूर्वी गंगापूर रोडवरची त्यांची छोटी कंपनी सोडून पुण्याला गेला होता. शीतगृह चालवणारा प्रोग्राम बराचसा त्यानेच लिहिलेला. "जाताना काहीतरी पेरून गेलाय तो," सर आरोहीला म्हणाले. "तू जा आणि शोधून काढ. मला त्याच्यावर पहिल्यापासून शंका होतीच."

पहिल्यापासून का, हे आरोहीने विचारलं नाही. ती त्याच्या शेजारच्या टेबलावर बसायची, दुपारचा डबा दोघं एकत्र खायचे. पण बसमध्ये खिडकीशी बसल्यावर तिला एकेक गोष्ट आठवायला लागली. शेवटच्या दिवसांत तो स्क्रीन जरा वळवून बसायचा. फोन आला की बाहेर जिन्यात जायचा. नवीन नोकरीचं त्याने तिलासुद्धा सांगितलं नव्हतं. बस पिंपळगावला पोचेपर्यंत तिचीही खात्री पटत आली होती.

शीतगृहाचा ऑपरेटर भिमाजी तिची वाटच पाहत होता. "ताई, मशीन चांगलं हाय," तो म्हणाला. "हा कंप्युटरच मधी रुसून बसतो. मग मी हातानं चालू करतो."

"कुणी बाहेरचं येऊन गेलं का इथे?"

"नाय बा. इथं कोन येतंय?"

तिने लॅपटॉप जोडला आणि चालत्या प्रोग्रामला डीबगर लावला. प्रोग्रामच्या आत बरीच कामं एकाच वेळी चालतात आणि प्रत्येक काम एक थ्रेड करत असतो. डीबगर त्या सगळ्यांना जागच्या जागी थांबवतो आणि कोण कुठल्या ओळीवर उभा आहे ते दाखवतो. हवं तर एकालाच गोठवून बाकीच्यांना पुढे जाऊ देतो. आरोहीने थांबवायचं बटण दाबलं. थ्रेडची यादी, प्रत्येकाच्या नंबरासकट, समोर आली. संघर्षची शिस्त होती, प्रत्येक थ्रेडला त्याने नाव दिलेलं: तापमान, कॉम्प्रेसर, नोंद, गजर.

यादीच्या तळाशी मात्र एक थ्रेड होता, ज्याला नाव नव्हतं. त्यांच्या कोडमध्ये तो कुठेच सुरू केलेला दिसेना.

तिने स्क्रीनचा फोटो काढून सरांना पाठवला आणि प्रोग्राम पुन्हा चालू करून डीबगर काढून घेतला. मिनिटभरात सरांचा फोन आला. "सापडला! मी त्याच्या पुण्याच्या कंपनीला कळवतो. कशी नोकरी करतो बघू."

"सर, तो थ्रेड काय करतो ते अजून बघायचंय."

"नाव लपवून बसलाय, अजून काय बघायचंय?"

जेवणाच्या सुट्टीनंतर भिमाजी धावत आला. "ताई, तीन नंबर परत बसला!"

"तुम्ही खोलीची थंडी हाताने चालू ठेवा," आरोही म्हणाली आणि तिने पुन्हा डीबगर लावून प्रोग्राम थांबवला. बिननावाचा थ्रेड तिथेच होता. पण त्याचा नंबर सकाळचा नव्हता. प्रोग्राम तर मधे बंद झालाच नव्हता. मग सकाळचा थ्रेड गेला कुठे? तिने प्रोग्राम सोडला, परत थांबवला. पुन्हा नवा नंबर. आणखी एकदा करून पाहिलं, तेच.

ती थांबवायची तेव्हाच तो यायचा. चालत्या प्रोग्रामला थांबवण्यासाठी तिचा डीबगरच स्वतःचा एक थ्रेड आत पाठवत होता. सकाळी तिने ज्याचा फोटो काढला, ते तिचंच पाऊल होतं.

तिने घाईने सरांना फोन लावला. फोन व्यस्त लागला.

मग तिने बाकीचे थ्रेड एकेक करून पाहिले. 'कॉम्प्रेसर' आणि 'नोंद' अडकले होते. प्रोग्राममध्ये दोन कुलपं होती, यंत्राचं आणि नोंदीचं; प्रत्येकाची किल्ली एका वेळी एकाच थ्रेडला मिळायची. 'कॉम्प्रेसर'ने यंत्राची किल्ली धरून ठेवली होती आणि तो नोंदीची मागत होता. 'नोंद'चं बरोबर उलटं. दोघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभे. खात्री करण्यासाठी तिने प्रोग्राम बंद करून नव्याने सुरू केला, खोली पुन्हा त्याच्याकडे दिली, 'नोंद'ला पहिली किल्ली घेताच गोठवलं, 'कॉम्प्रेसर'ला पुढे जाऊ दिलं आणि मग गोठवलेल्याला सोडलं. थंडी पुन्हा बंद पडली. यंत्राची किल्ली 'नोंद'ला मागायला लावणारी ओळ, कोडमधल्या बदलांच्या इतिहासानुसार, संघर्ष गेल्यानंतर घातली होती. कुणी घातली तेही तिथेच दिसत होतं: रविराज.

सरांना हे माहीत होतं का? आपली चूक दुसऱ्याच्या गळ्यात घालायलाच त्यांनी मला इथे धाडलं का? आरोहीला काही ठरवता येईना. सकाळी संघर्षबद्दलही तिला असंच वाटलं होतं.

तिने ओळ दुरुस्त केली आणि सरांना सगळं लिहून पाठवलं. त्यांचा फोन आला. आवाज अगदी शांत होता. "ग्राहकाला फक्त एवढंच सांग की दुरुस्त झालं. बाकी आपल्यात राहू दे."

"आणि पुण्याच्या कंपनीला कळवलंत, त्याचं काय?"

"ते मी बघतो ना."

ते बघणार नाहीत, हे तिला आवाजावरूनच कळलं. बसस्टँडवर उभी राहून तिने तीच माहिती, स्वतःच्या सकाळच्या फोटोसकट, पुण्याच्या कंपनीला पाठवली. मग संघर्षला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"तुला खरंच वाटलं मी असं करीन?" त्याने विचारलं.

"वाटलं," आरोही म्हणाली.

"बरं झालं खरं सांगितलंस." त्याने फोन ठेवला.

त्याची नोकरी टिकली. आरोहीने पुढच्याच आठवड्यात राजीनामा दिला. सरांनी तिच्यासमोर तो दोनदा वाचला आणि विचारलं, "जाण्याआधी कोडमध्ये काही केलं तर नाहीस ना?"