खुंटीवरची दुसरी किल्ली

मित्रांनो, मी एक जुनी झडप आहे. पाणी सोडणाऱ्या माझ्या बहिणी दिवसभर राबतात. मी मात्र वर्षानुवर्षे तोंड मिटून बसते, म्हणून इथली मंडळी मला 'बसून खाणारी' म्हणतात. म्हणोत बापडी.

ज्या यंत्राला मी जोडलेली आहे, त्याच्या पोटात सूर्यासारखी आग पेटवतात. ती भिंतींना लागू नये म्हणून मोठमोठे चुंबक तिला मधोमध तोलून धरतात. पण कधी तिचे डोके फिरले, की ती भिंतीवर धावून जाते. अशा वेळी डोळ्याचे पाते लवायच्या आत मी उघडायचे, थंड वायू आत सोडायचा आणि तिला विझवायचे, एवढेच माझे काम.

मला ज्यांनी घडवले त्या फिटरना सगळे मामा म्हणतात. यंत्र चालवणारी बाई त्यांची सख्खी भाची. आतली नवी भिंत तिने आणि तिच्या माणसांनी एकेक फरशी जोडत, कित्येक वर्षे खपून बसवली होती. आग एकदा जरी तिथे पोहोचली असती, तरी सगळे मुसळ केरात.

रोज सकाळी मामा माझ्या वायूच्या टाकीचा नळ उघडत, त्याची किल्ली काढून जिना चढत आणि भाचीच्या टेबलाजवळच्या खुंटीला अडकवत. खुंटीवर किल्ली दिसली म्हणजे नळ उघडा, मगच यंत्र सुरू. पुढे मामांचे गुडघे कुरकुरू लागले. भाचीला माया आली. तिने तशीच दुसरी किल्ली करून घेतली आणि कायमची खुंटीला लावली. मामांचा जिना वाचला, पण खुंटी आता खोटे बोलू शकते, हे कोणाच्याच ध्यानात आले नाही.

एकदा माझी नळी साफ करायला मामांनी नळ बंद केला, किल्ली खिशात टाकली आणि चहाला गेले. वर यंत्र सुरू करायची तयारी चालली होती. माझ्या मागे वायूच नव्हता, घसा कोरडा पडला होता. मला हे कळत होते, पण सांगणार कोणाला आणि कशी? मला फार भीती वाटली.

चष्मा काढायला मामांनी खिशात हात घातला आणि हाताला किल्ली लागली. त्यांनी तिथूनच फोन उचलला.

"बटणाला हात लावू नकोस. नळ बंद आहे."

"मामा, किल्ली तर माझ्या समोर आहे."

"ती तू केलेली, बाळ. माझी माझ्या खिशात आहे."

भाची धावतच जिना उतरली. मामाही गुडघे विसरून आले. नळ उघडला, वायू माझ्या गळ्याशी आला आणि माझा जीव भांड्यात पडला.

त्याच दुपारी आग खरोखरच बिथरली. मी उघडले. ती जागच्या जागी मंदावली आणि विझली. यंत्र निवल्यावर आत कॅमेरा घातला, तर एकाही फरशीला डाग नव्हता. भाची मटकन खुर्चीत बसली, आधी रडली, मग हसली.

दुसरी किल्ली तिने कापून टाकली. आता रोज सकाळी तीच खाली येते आणि मामांच्या हातून किल्ली घेते. जाताना माझ्या अंगावर हात ठेवून विचारते, "बरी आहेस ना?"

मित्रांनो, माझे मागणे छोटेच आहे. ज्यांची गरज क्वचित पडते, त्यांची खुशाली खुंटीकडे बघून ठरवू नका. जिना उतरून या. मला उत्तर देता येत नाही, पण कोणी विचारले की घशाला कोरड पडत नाही.