अर्धा चेहरा

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत जे. पी. नगरच्या एका फ्लॅटमध्ये नवरा-बायको एकमेकांशी व्हिडिओ कॉलवर बोलत होते. दोघांमध्ये होतं फक्त एक दार, आणि तेही प्लायवुडचं.

ही सगळी व्यवस्था मुलाची, तनयची. तो शहराच्या दुसऱ्या टोकाला, बेळ्ळंदूरला राहायचा आणि त्याची कंपनी व्हिडिओ मीटिंगचंच सॉफ्टवेअर बनवायची. वडिलांचा, म्हणजे दत्तारावांचा, रिपोर्ट पॉझिटिव्ह आला त्या दिवशीच त्याने फोनवरून नियम घालून दिले. बाबांनी बेडरूममध्ये राहायचं, आईने हॉलमध्ये. ताट दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवायचं, टकटक करायची आणि स्वयंपाकघरात निघून जायचं. आईला शुगर आहे, तेव्हा काही झालं तरी तिने दार उघडायचं नाही. सकाळ-संध्याकाळ तिघांनी कॉलवर यायचं आणि बाबांनी ऑक्सिमीटरचा आकडा कॅमेऱ्याला दाखवायचा. हातच्या काकणाला आरसा कशाला, असं त्याच्या आईच्या, नीलिमाच्या, अगदी ओठांवर आलं होतं. पण शिकलेल्या मुलापुढे बोलणं तिने केव्हाच सोडून दिलं होतं.

दत्ताराव म्हणजे एक नंबरचे बोलघेवडे. पुणं सोडून इथे आल्यावर महिनाभरात त्यांनी खालच्या भाजीवाल्याच्या सगळ्या घराण्याची चौकशी करून टाकली, तीही ‘स्वल्प’ म्हणजे थोडं आणि ‘सरी’ म्हणजे बरं, एवढ्या दोन कन्नड शब्दांच्या भांडवलावर. खोलीत कोंडले गेले तरी तोंडाला कुलूप नव्हतं. फोडणीचा वास आला की दारापलीकडून आवाज यायचा, “अगं, हिंग विसरलीस!” नीलिमा वैतागायची, आणि मनातून निश्चिंतही व्हायची. बोलताहेत ना, मग ठीक आहेत.

त्या सकाळी हिंगाबद्दल कोणी काही बोललं नाही. कॉल लागला तेव्हा दत्ताराव पलंगाला टेकून बसले होते. बोलायला तोंड उघडलं, पण बाहेर आली ती नुसती घरघर. चहाचा ओघळ हनुवटीवरून बनियनवर उतरला होता आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

“बाबा, आवाज फाटतोय तुमचा,” तनय म्हणाला. त्याची नजर शेजारच्या दुसऱ्या स्क्रीनवर होती. “राउटरपासून लांब बसलाय का?”

“तनय, ह्यांचं तोंड एकीकडे ओढल्यासारखं दिसतंय रे.”

“फ्रीझ झालंय आई ते. तिथलं नेटवर्क बेकार आहे.”

“अर्धंच तोंड फ्रीझ होतं का?”

“होतं. चित्राचे तुकडे येतात, काही पुढे सरकतात, काही अडकतात. रोज हेच काम करतो मी.” तो हसला. “बाबा, रीडिंग दाखवा.”

दत्तारावांनी डाव्या हाताने आपला उजवा हात उचलला आणि कॅमेऱ्यासमोर धरला. दुसऱ्या कोणाची वस्तू उचलून दाखवावी, तसा. तनयने फक्त बोटावरचा आकडा पाहिला.

“शहाण्णव! फर्स्ट क्लास. चला, मला मीटिंगला जायचंय. नेटवाल्यांना कम्प्लेंट टाकतो.”

स्क्रीन काळी झाली. नीलिमा दारापाशी जाऊन उभी राहिली. “अहो, बरं वाटतंय ना?” आतून पुन्हा तीच घरघर. आता तर मध्ये नेटवर्कही नव्हतं. एक हात कडीवर ठेवून तिने दुसऱ्या हाताने तनयला फोन लावला.

“आई, क्लायंट कॉलवर आहे मी,” तो दबक्या आवाजात म्हणाला. “कोरोनात वीकनेस असतोच. झोपू दे त्यांना. प्लीज दार उघडू नकोस. तुलाही झालं तर दोघांसाठी बेड कुठे शोधू मी? लोक रिक्षात मरताहेत!”

ते खोटं नव्हतं. नीलिमाने कडीवरचा हात काढला. चाळीस वर्षं ज्या तोंडाकडे बघून दिवस काढले, त्याच्याबद्दल तिने मुलाचा शब्द खरा मानला आणि स्वतःचे डोळे खोटे.

दुपारचं ताट स्टुलावर तसंच राहिलं. झोप लागली असेल, अशी तिने मनाची समजूत घातली. संध्याकाळी समोरच्या फ्लॅटमधल्या, मूळच्या निपाणीकडच्या अहल्याक्का पेजेचा डबा घेऊन आल्या आणि उघड्या दारातून ते ताट बघून जिन्यातच थबकल्या.

“दुपारपास्नं जेवले न्हाईत, आन् तुम्ही दार उघडला न्हाईसा? उघडा की वो वहिनी! आत मानूस हाय तुमचा.”

नीलिमाने दार उघडलं. दत्ताराव पलंगाशेजारी फरशीवर पडले होते, कपडे ओले, डोळे उघडे. तिला बघून त्यांचा चेहरा हलला, तोही अर्धाच.

लॉकडाऊनमुळे रिंग रोड मोकळा होता. एरवी दोन तास खाणारा रस्ता कापून तनय बघता बघता पोचला. दोन हॉस्पिटलांनी फाटकातूनच परत पाठवलं, तिसऱ्याने आत घेतलं. स्कॅन झाल्यावर पांढऱ्या पोशाखात गुरफटलेली डॉक्टर बाहेर आली आणि हिंदीत समजावू लागली. कोरोनात रक्त घट्ट होऊन गाठी होऊ शकतात, तशी एक गाठ मेंदूत अडकली आहे. हा स्ट्रोक आहे. गाठ विरघळवायचं इंजेक्शन असतं, पण ते सुरुवातीच्या काही तासांतच देता येतं. “शेवटचे नीट कधी होते?”

“आत्ता दोन-तीन तासांपूर्वीपर्यंत,” तनय चटकन म्हणाला. “सकाळी तर एकदम नॉर्मल होते.”

डॉक्टर नर्सकडे वळली. नीलिमाने मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं, “आणि उशिरा दिलं तर?”

“मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. जीवही जाऊ शकतो. म्हणून तर विचारते आहे, अम्मा.”

तनयने आईचं मनगट दाबलं. तिने त्याच्याकडे पाहिलं. बापासाठीची धडपड त्या चेहऱ्यावर होती, आणि आपली चूक कोणाला कळू नये ही भीतीही होती. कुठली जास्त होती, ते आईलाही सांगता आलं नसतं.

“सकाळपासून असे आहेत,” नीलिमा म्हणाली. “काल रात्री नीट बोलले होते. सकाळी तोंड वाकडं होतं, हात उचलत नव्हता. आम्ही दोघांनी पाहिलं.”

डॉक्टरने नर्सला इंजेक्शन राहू द्यायला सांगितलं. बाकीचे उपचार करू, जीव वाचेल असं वाटतं, पण वाचेचं आणि हाताचं आता काही सांगता येत नाही, एवढं बोलून ती आत गेली.

तनय बाकावर कोसळला. “कशाला बोललीस आई? इंजेक्शन मिळालं असतं. कदाचित बाबा बोलू लागले असते.”

आपलेच दात, आपलेच ओठ, म्हणून नीलिमाने आजवर पुष्कळ गिळलं होतं. हे तिला गिळता आलं नाही.

“सकाळी तुझं ऐकलं, त्यात त्यांची वाचा गेली,” ती म्हणाली. “आत्ता ऐकलं असतं, तर जीव गेला असता.”

तनय तोंड झाकून रडायला लागला. तिचा हात सवयीने त्याच्या पाठीकडे गेला, पण तिने तो मागे घेतला आणि पदराखाली धरून ठेवला.