उस्तादचे वॉशर

मिल बंद पडली तेव्हा फिटर पांडुरंगने पोलोग्राउंडला पत्र्याच्या शेडखाली गॅरेज टाकलं. मिलमध्ये त्याच्याच हाताखाली शिकलेल्या संजीवने मात्र, बाजारात नव्या गाड्यांचा पूर आल्यावर, अन्नपूर्णेच्या देवळाजवळ काचेचं दुकान थाटलं. आत चाकं बॅलन्स करायचं कम्प्युटरवालं मशीन! तेव्हापासून पांडुरंगच्या पोटात जे दुखायला लागलं ते थांबेना. "त्याला पाना धरायला मीच शिकवलं," हे तो गिऱ्हाइकांना, कोणी न विचारता, सांगायचा आणि सांगून झाल्यावर जास्तच जळायचा.

त्यात अप्पासाहेबांनी, त्याच्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाइकाने, मारुतीची चाकं पुढची मागे, मागची पुढे करायला गाडी संजीवकडे नेली. आणि आठवड्यात पांडुरंगच्या दारात हजर.

"साठच्या वर गेली की स्टिअरिंग थरथर कापतं, पांडुरंगजी. जरा देख लो ना."

"का, कम्प्युटरला नाही समजलं?"

पांडुरंगला मनातून गुदगुल्या होत होत्या. त्याने गाडी गावाबाहेर हातोदच्या रस्त्याला काढली. साठला गेली आणि हात झिणझिणले. त्याला इतका आनंद झाला, की त्याने आणखी एकदा साठला नेऊन बघितली.

गॅरेजमध्ये येऊन जॅक लावला. टायरला फुगवटा नव्हता, रिम सरळ होती, बॅलन्सची शिशाची वजनं जागच्या जागी होती. मग त्याने चाकाचा नट खोलला, आणि त्याखालून एक चपटा वॉशर निघाला. दुसऱ्याखालूनही. चारही चाकांत तेच.

गाडीच्या चाकाचा नट निमुळता असतो. तो रिमच्या भोकात रुतला तरच चाक मधोमध बसतं. वॉशर घातला की रुतत नाही. गॅरेज टाकल्यावर पांडुरंगनेही हीच चूक केली होती. मिलमधली सवय! तिथे वॉशरशिवाय नट लावला म्हणून त्याने एकदा संजीवच्या कानाखाली वाजवली होती. पुढे स्वतः सुधारला, पण संजीवला सांगायला काही गेला नाही. का जावं?

"मी टोकलं होतं त्याला," अप्पासाहेब म्हणाले. "कंपनीवाले लावत नाहीत म्हटलं. तर म्हणतो, माझ्या उस्तादचा हुकूम है, वॉशर के बिना नट नाही लावायचा. आणखी दोघांच्या गाड्या कापतायत. बसणार बघा त्याचं दुकान."

बसू दे, पांडुरंगच्या मनात आलं. आपण फक्त गप्प राहायचं. पण मशीन त्याचं, काच त्याची, गिऱ्हाइकं त्याची, आणि आता हा मोठेपणाही त्याचाच? नुकसान सोसून उस्तादचं नाव राखतो लेकाचा! संजीवचा इतका हेवा त्याला आजवर कधी वाटला नव्हता.

त्याने नट नीट आवळले आणि सगळे वॉशर कागदात गुंडाळून अप्पासाहेबांच्या हातात दिले.

"जाता जाता त्याला द्या. म्हणावं, गाडीच्या चाकाला वॉशर लावायचा नाही." मग गाडीचं दार लावता लावता त्याने जोर देऊन सांगितलं, "आणि म्हणावं, उस्तादचा हुकूम आहे."